हसऱ्या तोंडांची वही

जनाबाई भोयेनं मला पहिल्यांदा गप्प केलं ते आमच्याच ऑफिसच्या हॉलमध्ये, समोसे मागवलेले असताना. मी गप्प बसणारी बाई नाही. घरी विचारा, शेजारी विचारा, आमच्या कॉलनीतल्या रिक्षावाल्यांना विचारा. पण त्या दिवशी हातातला समोसा हातातच राहिला, एवढं खरं.

तेव्हा मी नाशिकला एका संशोधन प्रकल्पात समन्वयक होते. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर सिकलसेलची पुष्कळ मुलं आहेत. रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. मधूनच सांधे, हाडं अशी दुखायला लागतात की मूल गडाबडा लोळतं, आणि दोन दिवसांनी काही झालंच नाही असं अंगणात खेळत असतं. या मुलांना केव्हा दुखतं, किती दुखतं, डॉक्टरांनी त्यांना किती दिवसांनी बघायला हवं, हा आमचा अभ्यास. वरून सूचना आली होती की मुलांना नुसतं तपासू नका, त्यांना आणि घरच्यांना अभ्यासात सामील करून घ्या. मग काय, आम्ही पालक सल्लागार गट काढला. दहा आया आणि दोन बाप. बॅनर छापला, खुर्च्या गोल मांडल्या, प्रत्येकासमोर नावाची पाटी ठेवली. त्यातल्या सात जणींना ती पाटी वाचताच येत नव्हती, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मोठ्या सरांनी सुरुवात केली. सर मनानं सोन्यासारखे, पण माईक हातात आला की थांबायचं नाव नाही. "तुम्ही आमचे गुरू आहात, आम्हाला तुमच्याकडून शिकायचं आहे," असं चाललं होतं. तेवढ्यात खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली एक काटकुळी बाई म्हणाली, "सायेब, राग आला तर येऊ द्या, पन एक इचारू? तुमच्यात कोनाचं पोर आजारी हाय?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे. आम्ही सात जण होतो आणि सातही जणांची मुलं देवदयेनं धडधाकट होती.

"मंग तुमाला शिकायला टाइम लागंल," ती म्हणाली, आणि पुढ्यातला समोसा फडक्यात बांधून पिशवीत टाकला. मुलीसाठी.

खरं सांगते, मला संताप आला होता. काय उद्धट बाई आहे, म्हटलं. आपण यांच्यासाठी एवढं करतोय आणि ही आपली उलटतपासणी घेतेय! घरी जाऊन नवऱ्यालाही तसंच सांगितलं. तो म्हणाला, बरोबरच विचारलं तिनं. त्या दिवशी मी त्याला आमटी वाढली, बोलले मात्र नाही.

ही जनाबाई पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. पावसाळ्यात स्वतःची भात-नागलीची शेती, आणि ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की टोळीबरोबर पिंपळगावला बागांवर कामाला. पंधरा पंधरा दिवस तिकडेच राहायचं. मुलगी एकच, मंदा, तेरा वर्षांची. आई कामाला गेली की मंदा शेजारच्या सीताबाईकडे जेवायची आणि शाळेत जायची. सीताबाईच्याही मुलाला हाच आजार, तीही आमच्या गटात होती.

जनाबाई खुर्चीवर कधी टेकून बसली नाही. पिशवीत पाण्याची बाटली कायम. सिकलसेलच्या मुलांनी पाणी भरपूर प्यायचं असतं, हे एकदा ऐकल्यापासून ती दिसेल त्या पोराला बाटली दाखवायची. दवाखान्याच्या रांगेत अनोळखी आईच्या कडेवरच्या बाळालाही सोडायची नाही. "पी. घोट घे. आनखी." ते बाळ साध्या सर्दीसाठी आलेलं असलं तरी पाणी पिऊनच जायचं. आणि आजाराचं नाव ती चुकूनही घ्यायची नाही. "मंदीला ते हाय ना," एवढंच. मला वाटायचं, नाव अवघड आहे, जमत नसेल उच्चारायला. मी तिला तीनदा म्हणून दाखवलं, "सि-कल-सेल." ती म्हणाली, "येतं मला, ताई." मी ते तिथंच सोडून दिलं, आणि तिथंच माझी चूक झाली.

संमतिपत्रक आम्ही चार मिटिंगा घेऊन लिहिलं होतं. जनाबाईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. 'सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे' इथं ती दरवेळी थांबवायची. "म्हंजी काय?"

"म्हणजे तुमची इच्छा असेल तर. नाही म्हणालात तरी चालेल."

"नाय म्हनलं तर औषिध बंद व्हईल?"

"नाही हो."

"तुमी तोंड फिरवाल?"

"अहो, मी कशाला तोंड फिरवू?"

"मंग तसं लिवा ना. नाय म्हनलं तरी राग नाय, औषिध चालूच राहील." आणि तसंच छापलं आम्ही, शब्दाला शब्द. त्यानंतर चार घरांनी खरंच नाही म्हणून सांगितलं. त्याआधी एकानंही सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की इतके दिवस लोक आमच्या भीतीनं अंगठे देत होते. ते ऐकून सर दोन दिवस धड जेवले नाहीत.

रक्ताचं प्रकरण त्याहून भारी. पाड्यावर आवई उठली होती की नाशिकवाले पोरांचं रक्त मुंबईला नेऊन विकतात. मी चिडले, पत्रक काढू म्हणाले. जनाबाई म्हणाली, "कागद कोन वाचतंय? मला दाखवा रक्त कुठं जातं ते." नेली तिला प्रयोगशाळेत. तिथल्या पोरीनं मंदाची नळी दाखवली, तिच्यावरचा नंबर दाखवला, मशीनमध्ये घातली. जनाबाई तासभर उभी. स्टूल दिलं तरी बसली नाही. रिपोर्ट निघाला आणि त्या पोरीनं, रोज टाकते तशी, ती नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"टाकलं?" जनाबाईनं विचारलं.

"हो मावशी. काम झालं त्याचं."

जनाबाई डब्यापाशी गेली, वाकून आत पाहिलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाली, "ताई, इकलं असतं तरी चाललं असतं वो. कोनाच्या तरी अंगात गेलं असतं. पोरगी रडत रडत देती ते."

दहा वर्षं मी अशा प्रयोगशाळांतून वावरले होते, तसला डबा रोज बघत होते. त्यात काय जातं ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी परत आत जाऊन डब्यात वाकून पाहिलं. पाड्यावर जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, "इकत नाय. फेकत्यात. मी डोळ्यानं पाह्यलं." आवई मिटली, पण पुढच्या महिन्यात पाच आया रागानं आल्याच नाहीत. तेव्हापासून आम्ही नियम केला. सुई टोचण्याआधी त्या मुलाला स्वतःला सांगायचं, किती रक्त घेणार, कशाला घेणार, मग त्याचं काय होणार, आणि रिपोर्ट त्याच्या हातात द्यायचा. एवढी साधी गोष्ट करायला आम्हाला जनाबाई लागली.

आता वहीचं सांगते.

ती वही माझी कल्पना. मिरवायचे मी ती. वाचता न येणाऱ्या आयांनाही भरता यावी म्हणून प्रत्येक दिवसापुढं पाच तोंडं छापलेली. पहिलं हसरं, मग बरं, मग गप्प, मग रडवेलं, आणि शेवटचं धाय मोकलून रडणारं. आईनं रोज संध्याकाळी पोराकडे बघायचं, कामाला बाहेर असली तर फोनवर विचारायचं, आणि एका तोंडावर गोल करायचा. वर मुलाचं नाव, ठळक. आठ महिने वह्या येत राहिल्या, आणि काय सांगू, पानंच्या पानं हसरी! आम्ही हरखून गेलो. पाणी पाजा, थंडीत पांघरूण घाला, वेळेवर गोळ्या द्या, हे आपण शिकवलं त्याचं हे फळ, असं सर म्हणाले आणि मी पेढे आणले. सगळ्यात स्वच्छ वही मंदाची. आठ महिन्यांत एक रडकं तोंड नाही.

मग ठरलं की ज्यांच्या वह्या अशा चांगल्या आहेत त्या मुलांना दर महिन्याला नाशिकला बोलवायचं नाही. तीन महिन्यांनी आली तरी पुरे. यादी केली. मंदाचं नाव पहिलं. ही घोषणा करायला गटाची बैठक बोलावली, मुंबईहून पाहुणे आले. सरांनी यादी वाचली आणि हॉलमध्ये टाळ्या झाल्या. पाड्यावरून डोंगर उतरून एसटी गाठायची, अख्खा दिवस मोडायचा, ते वाचणार म्हणून काही आयांनीही टाळ्या वाजवल्या.

जनाबाई उठून उभी राहिली. "सायेब, राग आला तर येऊ द्या. मंदीचं नाव काढा तेच्यातनं."

"का बरं?"

"वही खोटी हाय. गेल्या मंगळवारी पोरगी दिसभर भिंतीला गुडघा दाबून बसली व्हती. वहीत हसरंच काढलंय मी."

"म्हणजे एखादा दिवस चुकला असेल..."

"एक दिस नाय. समदी वही." तिनं गोलात नजर फिरवली. "अन् माझी एकलीची नाय."

एकेक आई खाली बघायला लागली. सीताबाईनं पदर तोंडाला लावला. अरे देवा! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पाहुणे, सर, कुणाची पर्वा न करता मी ओरडले, "आठ महिने! जनाबाई, आठ महिने तुम्ही सगळ्यांनी मिळून आम्हाला फसवलंत? एवढी सोपी वही करून दिली तुम्हाला! नुसता गोल करायचा होता!"

ती शांतपणे माझ्यासमोर आली. टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक कोरी वही उघडून तिनं माझ्यापुढं ठेवली. "ताई, पोरगा हाय ना तुमाला? नाव काय?"

"ओंकार."

"लिवा वर."

मी लिहिलं. रागानं पेन कागदात रुतत होतं.

"आता त्या शेवटच्या तोंडाला गोल करा. बरा हाय ना तो? असू द्या. नुसता गोल तर करायचाय."

माझा ओंकार त्या वेळी शाळेत होता, विज्ञानाचा पेपर देत होता. मी विज्ञान शिकलेली बाई. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढं जाते मी. पेन त्या रडक्या तोंडावर नेलं, आणि हात हलेना. सगळा हॉल बघत होता. माझ्याच सुवाच्य अक्षरात 'ओंकार' लिहिलेलं, आणि त्याच्यापुढं ते धाय मोकलून रडणारं तोंड. शाळेत काही झालं नसेल ना, असं मनात आलं! मी पेन खाली ठेवलं.

"नाही होत," मी म्हणाले.

"आमचंबी नाय झालं," जनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "आमच्यात लेकराचं दुखनं आई तोंडातनं काढत नाय. काढलं का ते घर धरतं. अन् तुमी तर आईच्याच हातानं लिवाया लावलं, ते बी दिव्याच्या टायमाला, लेकराच्या नावापुढं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपले आठ महिने गेले," ते हळूच म्हणाले.

"तुमचे गेले सायेब," ती म्हणाली. "पोरांनी ते काढले."

ओंकारचं नाव घातलेली ती वही मी मिटली. ती आजाराचं नाव का घेत नाही ते मला वर्षभरात कळलं नव्हतं, आणि मी तिला उच्चार शिकवत होते!

वाट जनाबाईनंच काढली. "माझ्या हातानं नाय व्हनार. सीताच्या हातानं व्हईल. माझ्या मंदीचं ती लिवंल, तिच्या पोराचं मी, मी नसले का तिसरी. दुसरीच्या पोराकडं बघाया भ्या वाटत नाय." असं कुठल्याही संशोधनाच्या पुस्तकात बसत नाही, मी म्हणाले. सर म्हणाले, "करा." वह्यांची अदलाबदल झाली. संध्याकाळच्या ऐवजी सकाळी उजेडात, आदल्या दिवसाचं लिहायचं ठरलं. तीन महिन्यांची यादी सरांनी तिथंच फाडली.

दोन महिन्यांनी वह्या गोळा करायची बैठक होती. सुट्टी होती म्हणून मुलंही आली होती. जनाबाई परस्पर पिंपळगावहून आली. दोन महिन्यांत दोनदा ती बागांवर जाऊन राहिली होती. हाताला द्राक्षाच्या काड्यांचे ओरखडे, पण चेहरा खुशीत. मंदाला सीताबाई घेऊन आली. "मी कामाला गेले का पोरगी ठनठनीत असती," जनाबाई मला सांगत होती. "रोज फोन करते ना मी. बरं हाय म्हनती. माझ्यामागं शानी व्हती बगा."

प्रत्येक आईनं आपल्या पोराची वही त्या दिवशी पहिल्यांदाच उघडली. जनाबाईला वाचता येत नव्हतं, पण ती तोंडं वाचायला शाळा लागत नाही. ती पानं उलटत गेली, तारखा मी सांगत होते. घरी असतानाचे दिवस संमिश्र होते, चार हसरी, एखादं रडवेलं. मग पिंपळगावचे पंधरा दिवस आले. शेवटच्या तोंडावर गोल. खाली परत शेवटच्या. परत. तिनं पान मागं केलं, पुढं केलं. दुसऱ्या खेपेचे पंधरा दिवस काढले. तिथंही तेच.

"सीते, हे काय?"

"जे पाह्यलं ते काढलं. तू घरी असली का ती दाबून धरती," सीताबाई म्हणाली.

"अन् मला फोनवर सांगितलं नाय तू?"

"मंदीनं शप्पत घातली व्हती तुला सांगू नको म्हनून. वहीत काढू नको असं नाय म्हनली ती." आणि सीताबाई रडायलाच लागली.

मंदा खिडकीपाशी उभी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगात मोठ्या मापाचा स्वेटर. जनाबाई तिच्याकडे वळली. "मंदे, रोज बरं हाय म्हनत व्हतीस मला."

मंदानं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तूच शिकवलं ना. तोंडातनं काढायचं नाय."

जनाबाई परत खुर्चीकडे आली. वही मांडीवर उघडी, आणि ती पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसलेली. आम्ही आईला विचारलं, शेजारणीला विचारलं, रक्ताला विचारलं. एवढा मुलांच्या आरोग्याचा अभ्यास आमचा, बॅनर लावलेला, आणि आमच्यापैकी एकानंही त्या पोरीच्या हातात पेन देऊन तिला विचारलं नव्हतं. लाज वाटली. आजही वाटते.

त्या उन्हाळ्यात प्रकल्प संपला आणि मला दुसरीकडे नोकरी लागली. मंदाची तपासणी दर महिन्याला सुरू राहिली, एवढं दवाखान्यातून कळत होतं. पुढं जनाबाईचा फोन लागेनासा झाला. त्यामुळं मी तिला शेवटची पाहिली ती वह्या उघडल्या त्याच दिवशी, बैठकीनंतर, नाशिकच्या पेठ नाक्यावर.

मंदासाठी एक कोरी वही घेऊन मी त्यांच्यामागं धावत गेले होते. ही तिची तिनं भरायची, कुणाला दाखवायची की नाही तेही तिनं ठरवायचं, असं सांगणार होते. नाक्यावर ही गर्दी. भाजीवाले, टमटमवाले, पेठच्या गाडीची वाट बघणारी माणसं. त्या सगळ्यांच्या मधोमध जनाबाई मंदाला दोन्ही खांद्यांना धरून उभी होती.

"कुठं दुखतं?"

मंदा इकडंतिकडं बघत होती. "गुडघा," ती पुटपुटली.

"मोठ्यानं."

"आये, लोक हायेत."

"असू दे लोक. मोठ्यानं सांग."

"गुडघा दुखतो!"

माणसं वळून बघायला लागली. टोपल्यावाली बाई जनाबाईला काहीतरी बोलली, पोरीला असं का करतीस म्हणून. जनाबाईचं लक्ष नव्हतं. मंदा बोलली की ती डोळे घट्ट मिटायची, आणि डोळे उघडले की पुन्हा विचारायची.

"अजून कुठं?"

"पाठ. पाठ लय दुखती, आये!"

गाडी आली. सीताबाई चढली, दारातून हाका मारायला लागली, "जने, चल, गाडी सुटती!" कंडक्टरनं दोनदा विचारलं आणि घंटी दिली. मी हातात वही घेऊन होते तिथंच उभी राहिले. गाडी निघून गेली, तरी जनाबाईनं तिकडं मान वळवली नाही.

"अजून?" ती पोरीला म्हणाली. "अजून सांग."